घरच्या वर्कशॉपसाठी हायब्रिड टेबल सॉ: ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी सुतारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीला आमच्या रो-हाऊसच्या मागे दहा बाय सोळा फुटांची शेड आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे लाकडाचं काम करतो. पाट, देव्हारे, पुस्तकांची कपाटं, एकदा एक झोपाळाही केला. टेबल सॉ, म्हणजे टेबलातल्या खाचेतून गोल पातं वर येतं ती मोटरची करवत, बदलायचा ठरवला तेव्हा जी माहिती मिळाली ती जवळजवळ सगळी अमेरिकेतली होती. वीज तिथली, गॅरेज तिथलं, लाकूड मेपल नाहीतर ओक. आपल्याकडे सागवान आणि प्लायवूड, २३० व्होल्ट, चार महिने पाऊस आणि दाराशी खाडी. त्यामुळे ओळखीतले लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

हायब्रिड म्हणजे काय? बॅटरीवर चालतो का?

नाही. गाड्यांमुळे हा समज होतो. इथे हायब्रिड म्हणजे दोन जुन्या प्रकारांच्या मधला टेबल सॉ.

पहिला प्रकार कॉन्ट्रॅक्टर सॉ. त्याला उघडे पाय असतात, मोटर मागच्या बाजूला बाहेर लोंबकळते आणि लांब पट्ट्याने पातं फिरवते. दुसरा कॅबिनेट सॉ. त्याची मोटर बंद पेटीत असते, सगळी यंत्रणा जाड बिडाची, ताकद तीन ते पाच हॉर्सपॉवर. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे डेल्टा कंपनीचा १९३९ सालचा युनिसॉ. हायब्रिडमध्ये मोटर पेटीच्या आत गेली, पट्टा आखूड झाला, टेबल बिडाचं राहिलं, पण मोटर दीड ते दोन हॉर्सपॉवरचीच ठेवली. अमेरिकेतल्या साध्या घरगुती सॉकेटवर चालावा, हे त्यामागचं कारण.

पातं दहा इंची. सरळ उभं असताना साधारण सव्वातीन इंचांच्या आत-बाहेर जाडी कापतं, ४५ अंशांत कललं की सव्वादोन इंचांच्या आसपास. घरगुती फर्निचरला याहून जास्त क्वचितच लागतं.

मला तो खरंच हवा आहे का? छोटा उचलता येणारा टेबल सॉ पुरणार नाही का?

पुष्कळांना पुरतो. बॉश, मकिता, डिवॉल्ट यांचे उचलता येणारे टेबल सॉ भारतात सहज मिळतात, इथल्याच विजेवर चालतात, सर्व्हिसही मिळते. वजन पंचवीस-तीस किलो, काम झालं की भिंतीला उभा करून ठेवता येतो. वर्षाला दोन-चार वस्तू करणार असाल, फ्लॅटमध्ये राहत असाल, तर तोच घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या पात्यात आणि धूळ ओढणाऱ्या मशीनमध्ये घाला.

फरक पडतो तो लांब सागवानी फळ्या चिरताना. छोट्या सॉचं टेबल अॅल्युमिनियमचं आणि अरुंद असतं. सहा फुटी फळी अर्धी पुढे गेली की टेबलच डुगडुगायला लागतं. मोटर युनिव्हर्सल प्रकारची, मिक्सरमध्ये असते त्याच जातीची, त्यामुळे आवाज कर्कश. हायब्रिडची इंडक्शन मोटर पाण्याच्या पंपासारखी घुमते. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. शिवाय बिडाच्या टेबलाचा सव्वाशे-दीडशे किलोचा सॉ हलत नाही. टेबल हललं नाही की हात हलत नाही, आणि मग काप सरळ येतो.

आमचे मिस्त्री फळीला खालून कटर मशीन बसवून त्यावर सगळं करतात. मग एवढा खर्च कशाला?

त्या मिस्त्रींचा हात तीस वर्षांचा असतो. मी एका मिस्त्रीकाकांना असल्या फळीवर एक सूत जाडीची बीडिंग पट्टी सरळ चिरताना पाहिलं आहे, आणि ते कौशल्य मला आयुष्यात येणार नाही. पण त्याच काकांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे. त्यांना विचारलं, "काका, कशावर गेलं?" त्यांनी फळीकडे नुसती मान हलवली.

त्या फळीला गार्ड नसतो, रायव्हिंग नाइफ नावाची पात्यामागची पट्टी नसते, पटकन बंद करायचं बटण नसतं. फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून पात्याला समांतर ढकलायचं तो आधार, तिथे दोन शिकंज्यांनी आवळलेला लाकडाचा तुकडा असतो. रोजीरोटीसाठी माणूस हे पत्करतो. आपण हौसेसाठी काम करतो, आपल्यावर ती वेळ नाही.

तुलना कुठून सुरू करायची? जाहिरातीत सगळे हॉर्सपॉवरच सांगतात.

हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी बघा. पावणेदोन आणि दोन हॉर्सपॉवरमधला फरक धारदार पात्यापुढे कळतही नाही. आधी तीन गोष्टी बघा.

ट्रनियन कुठे बसवला आहे, हे पहिलं. पातं, ते ज्या दांड्यावर बसतं तो आर्बर, आणि मोटर ज्यावर झुलतात तो बिडाचा पाळणा म्हणजे ट्रनियन. काही हायब्रिडमध्ये तो टेबलाच्या पोटाला बोल्टने लटकवलेला असतो, काहींमध्ये खालच्या पेटीवर बसवलेला. पेटीवर असेल तर पातं समांतर करायला वरचं टेबल सैल करून हलकेच सरकवायचं, दहा मिनिटांचं काम. टेबलाला लटकलेला असेल तर जमिनीवर झोपून, टॉर्च तोंडात धरून बोल्ट सैल करायचे, आणि आवळताना ते पुन्हा सरकतात. विक्रेत्याला हे सहसा माहीत नसतं. मॅन्युअल आधीच वाचा, त्यात सुट्या भागांचं चित्र असतं, त्यावरून लगेच कळतं.

दुसरी गोष्ट फेन्स. पुढच्या बाजूला पोलादी चौकोनी नळी, त्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी बसणारी आणि फक्त पुढेच आवळणारी फेन्स सगळ्यात भरवशाची. बीझमायर पद्धत म्हणतात तिला. दुकानात गेलात तर फेन्स आवळा आणि तिचं मागचं टोक अंगठ्याने दाबा. डोळ्याला दिसेल इतकी सरकली तर तो सॉ तिथेच सोडा. नंतर वेगळी फेन्स घेऊ असं मनात आणू नका, चांगली फेन्स आणि तिचे रूळ स्वस्त पडत नाहीत.

तिसरी रायव्हिंग नाइफ. पात्याच्या मागे, पात्याच्या अगदी जवळ, त्याच्याबरोबरच वर-खाली आणि तिरकी होणारी पोलादी पट्टी. चिरलेलं लाकूड मागे आवळून पातं पकडतं, तेव्हा ही पट्टी मधे उभी असते. जुन्या स्प्लिटरसारखी, म्हणजे पात्याबरोबर वर-खाली न होणाऱ्या पट्टीसारखी, ती सारखी काढावी लागत नाही, म्हणून ती खरोखर वापरली जाते. ही नसेल तर बाकी कितीही चांगला सॉ असो, घरासाठी मी सुचवणार नाही.

अमेरिकन व्हिडिओंमध्ये दिसणाऱ्या मॉडेलांमध्ये फरक काय?

ग्रिझलीचा जी०७७१झेड आणि शॉप फॉक्सचा डब्ल्यू१८३७ हे दोन्ही दोन हॉर्सपॉवरचे, एकाच गोतावळ्यातले. पैशाच्या मानाने भरपूर लोखंड मिळतं, जुळवाजुळव आपण करायची. जेटचा प्रोशॉप आणि पॉवरमॅटिकचा पीएम१००० पावणेदोन हॉर्सपॉवरचे. लगुनाचा एफ२ देखील तेवढाच, त्याचा धाकटा भाऊ एफ१ दीडचा. सॉस्टॉपचा पावणेदोन हॉर्सपॉवरचा प्रोफेशनल सॉ रचनेने पूर्ण कॅबिनेट सॉ आहे, मोटर तेवढी हायब्रिडच्या ताकदीची.

आपल्याला महत्त्वाची गोष्ट अशी की हे सगळे मूळचे अमेरिकन विजेसाठी, ६० हर्ट्झसाठी बनलेले. म्हणून पुढचा प्रश्न या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा.

न्यू जर्सीला असलेला भाऊ कंटेनरमधून पाठवायला तयार आहे. इथे चालेल का?

पाठवलेला सॉ न्हावा शेव्याला उतरेल, ड्युटी आणि १८ टक्के आयजीएसटी भरून घरीही येईल. अडचण त्यानंतर सुरू होते.

बरेच जण म्हणतात, ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावू. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. आपली वीज ५० हर्ट्झ. इंडक्शन मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो, म्हणजे ६० ची मोटर इथे सहाव्या हिश्शाने हळू फिरणार. मिनिटाला चार हजार फेऱ्यांचं पातं ३३०० च्या आसपास येतं. तेवढ्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते मोटरच्या आत. त्याच व्होल्टेजवर फ्रिक्वेन्सी कमी झाली की गाभ्यातलं चुंबकत्व सुमारे वीस टक्क्यांनी वाढतं, लोखंड ते पेलू शकत नाही, करंट वाढतो आणि मोटर तापते. ११५ व्होल्टच्या मोटरला ५० हर्ट्झवर साधारण ९६ व्होल्ट द्यायला हवेत, आणि मग ताकदही सहाव्या हिश्शाने घटते. पाच मिनिटांच्या चाचणीत सगळं ठीक वाटेल. मे महिन्याच्या दुपारी दोन इंची सागवान चिरायला घेतलं की वाइंडिंगचा वास येईल.

मग इन्व्हर्टर ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी लावू का? या सॉमधली मोटर सिंगल फेज, कपॅसिटर स्टार्ट असते. आत सुरुवातीचं वाइंडिंग तोडणारा सेंट्रिफ्युगल स्विच असतो. अशा मोटरला व्हीएफडी चालत नाही.

चालतो तो मार्ग एकच: मोटर बदलणे. दोन हॉर्सपॉवरची भारतीय थ्री फेज मोटर घ्या, ऑर्डर देतानाच २२० व्होल्ट डेल्टा वाइंडिंग सांगा, कारण आपल्याकडच्या छोट्या मोटरी आतून ४१५ व्होल्ट स्टारमध्ये बांधलेल्या येतात. मग सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी बसवा. पण त्याआधी जुन्या मोटरचा शाफ्ट आणि बसवायची भोकं मोजून घ्या, ती बहुधा जुळत नाहीत. अडॅप्टर प्लेट आणि नवी पुली वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्यावी लागेल. पुली करताना लक्षात ठेवा, आपली दोन पोलची मोटर ३४५० नाही, २८८० च्या आसपास फिरते. म्हणजे मोटरवरची पुली त्याच प्रमाणात मोठी हवी.

हे सगळं आवडीने करणारे आहेत. ज्यांना लाकूडकामच करायचं आहे, त्यांनी भावाकडून चांगली पाती मागवावीत.

मग ५० हर्ट्झचा हायब्रिड मिळतो कुठे?

इंग्लंड, युरोप आणि ऑस्ट्रेलियात वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. तिकडे हायब्रिड हा शब्द फारसा वापरत नाहीत, पण त्या ताकदीचे बिडाच्या टेबलाचे सॉ मिळतात. इंग्लंडच्या रेकॉर्ड पॉवरचा टीएस२५० घराण्यातला सॉ, किंवा ऑस्ट्रियाच्या फेल्डरच्या हॅमर मालिकेतला के३, ज्याच्या डाव्या बाजूला सरकतं टेबल असतं. सरकत्या टेबलावर प्लायवूडचा आडवा काप घेणं हे वेगळंच सुख आहे, पण त्याला जागा खूप लागते. भारतातल्या विक्रेत्याकडून घ्यायचा असेल तर एकच पाहा: मोटरच्या नेमप्लेटवर ५० हर्ट्झ छापलेलं स्वतःच्या डोळ्यांनी. फोटो मागवा. "चालतो साहेब" यावर जाऊ नका.

बटाला, राजकोटकडची बिडाची मशीन कशी असतात?

लोखंड उत्तम. रंधा आणि सर्क्युलर सॉ एकाच अंगावर असलेली कॉम्बाइन मशीन इथल्या पुष्कळ वखारींत आणि गाळ्यांत वर्षानुवर्षं राबताहेत. मोटर भारतीय, बेअरिंग कोणत्याही दुकानात मिळणारं, पट्टा नागदेवी स्ट्रीटवर पाच मिनिटांत. ही सोय छोटी समजू नका.

उणीव सुरक्षेची. बहुतेकांना रायव्हिंग नाइफ नसते, फेन्स जुजबी असते, पात्याची खाच एवढी मोठी की बारीक पट्टी आत पडते. लेथवाल्याकडून स्प्लिटर करून घेता येतो, फेन्सही बनवून घेता येते. ज्यांना फिटिंगची सवय आहे त्यांच्यासाठी हा चांगला रस्ता आहे. नवशिक्यासाठी नाही.

घरच्या वायरिंगवर चालेल का?

दोन हॉर्सपॉवरची मोटर चालू स्थितीत दहा अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणून टेबल सॉसाठी स्वतंत्र लाइन ओढा: २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, सी प्रकारचा एमसीबी. बी प्रकारचा एमसीबी मोटर सुरू होतानाच पडतो आणि लोक मशीनला दोष देतात. तीन हॉर्सपॉवर असेल तर वायर ४ चौरस मिमीची. लांब, बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको, व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, नुसती हिरवी वायर दिसते म्हणून समाधान मानू नका.

आणि एक. स्विच मॅग्नेटिक हवा, म्हणजे वीज परत आली तरी आपण बटण दाबेपर्यंत बंदच राहणारा, किंवा डीओएल स्टार्टर लावा. सॉ चालू असताना वीज गेली, आपण कंटाळून घरात गेलो, आणि अर्ध्या तासाने वीज आली, तर साध्या स्विचचं मशीन आपोआप फिरायला लागतं. शेडमध्ये तेव्हा मूल असू शकतं.

घरगुती मीटरवर ऑर्डरी घेऊन धंदा मात्र करू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो.

जागा किती लागते?

सॉला स्वतःला कमी, लाकडाला जास्त. तीस इंच फेन्सचा सॉ साधारण साडेपाच फूट रुंदीत बसतो, पन्नास इंचांचा सात फुटांत. पण आठ फुटी प्लायवूड चिरायचं तर पात्याच्या पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळं हवं. माझ्या सोळा फुटांत ते बसत नाही. ठाण्यातल्या बहुतेक घरांत बसणार नाही.

म्हणून मी पूर्ण शीट टेबल सॉवर नेतच नाही. जमिनीवर थर्माकोल पसरतो, त्यावर शीट, त्यावर अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आवळून हातातल्या सर्क्युलर सॉने दोन सूत मोठे तुकडे काढतो. मग तेच तुकडे टेबल सॉवर नेमक्या मापाला आणतो. असं काम करायचं तर तीस इंचांची फेन्स पुरते. पन्नास इंचांचे रूळ घेऊन पुढे आयुष्यभर त्यांना वळसा घालत बसू नका.

फ्लॅटवाले वजनाचं विचारतात. लिफ्टमध्ये माणशी ६८ किलो धरलेले असतात, म्हणजे सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची. सॉ खोक्यातून काढून दोन फेऱ्यांत नेला तर अडचण नाही. स्लॅबलाही त्या वजनाचं काही नाही. त्रास होतो तो थरथर खालच्या घरात उतरण्याचा, आणि त्याला जाड रबरी पॅडनेही पूर्ण इलाज होत नाही.

पातं समांतर आहे का, हे कसं बघायचं?

हे एकदा शिकलात की मशीनची भीती जाते. माझ्याकडे सॉ आला त्या आठवड्यात सागवानाच्या प्रत्येक कापावर तपकिरी, जळलेल्या पट्ट्या यायच्या. मला वाटलं, पातं बोथट. पातं नवं होतं.

मग हे केलं. वीज काढली, म्हणजे प्लगच बाहेर. पातं पूर्ण वर घेतलं. एका दाताला मार्कर लावला. माइटरच्या खाचेत, म्हणजे आडव्या कापाची माइटर गेज ज्यात सरकते त्या टेबलावरच्या खाचेत, घट्ट बसणारी लाकडी पट्टी केली, तिच्यावर डायल गेज (मिलिमीटरचे बारीक अंश दाखवणारं काट्याचं मापयंत्र) स्क्रूने बसवला. खुणेचा दात पुढे आणून गेज टेकवून शून्य केला, मग तोच दात हाताने फिरवून मागे नेला आणि पट्टी सरकवून गेज पुन्हा त्यालाच टेकवला. काटा ०.३५ मिमीवर उभा. मागची बाजू फेन्सकडे झुकलेली. लाकूड पुढे कापून झाल्यावर मागच्या दातांवर घासत होतं, म्हणून जळत होतं.

टेबलाचे तीन बोल्ट सैल केले, चौथा जेमतेम पकडीत ठेवला. लाकडी मोगरीने टेबलाच्या मागच्या कोपऱ्यावर हलका ठोका. काटा ०.२०. आणखी एक. ०.०८. तिथे थांबलो आणि बोल्ट तिरके-तिरके थोडे थोडे आवळले. ०.१ मिमीच्या आत असलं की घरगुती कामाला पुष्कळ. नेहमी तोच दात मोजायचा हे विसरू नका. दोन वेगळे दात मोजलेत तर पात्याचा वाकडेपणा मोजाल, सॉचा नाही.

हेच मोजमाप पातं अर्धं खाली घेऊन करा, आणि ४५ अंशांत कलवूनही करा. काही स्वस्त हायब्रिडमध्ये पातं वर-खाली करताना दिशा बदलते. तो दोष जुळवाजुळवीने जात नाही. वॉरंटीत असतानाच शोधा.

त्यानंतर फेन्स खाचेला समांतर करा, मागच्या टोकाला ०.०५ मिमी बाहेर असली तर उत्तमच. शेवटी गुण्या लावून पातं काटकोनात आहे का बघा.

पातं कोणतं घेऊ?

कार्बाइड दातांचंच. सागवानात सिलिका असतं, साध्या पोलादाची धार ते बघता बघता खातं. लाकूड उभं चिरायला २४ दाती, प्लायवूड आणि सनमायक्याला ६० ते ८० दाती. एकच घ्यायचं तर ४० दाती.

घेताना भोक तपासा. अमेरिकन आर्बर पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८८ मिमी. युरोपियन ३० मिमी. आपल्या बाजारात २५.४ आणि ३० मिमीच्या भोकाची पाती सर्रास मिळतात. मोठं भोक लहान करायला रिंग मिळते, ती घट्ट हवी, बोटाने फिरणारी नको. आणि पात्याचा काप रायव्हिंग नाइफपेक्षा जाड, पण पात्याचं अंग तिच्यापेक्षा पातळ असायला हवं. २.४ मिमीचं पातळ पातं लावलं आणि नाइफ २.६ ची असेल तर लाकूड मध्येच अडकेल.

सॉस्टॉपवर जास्त पैसे घालावेत का?

त्यात पात्यावर सूक्ष्म विद्युत संकेत सोडलेला असतो. बोट लागलं की तो बदलतो, स्प्रिंगने अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतं. बोटावर ओरखडा उरतो. स्टीव्ह गॅस यांनी ही कल्पना मांडली, २००४ पासून सॉ विकले जाऊ लागले, आणि २०१७ मध्ये फेस्टूल या जर्मन हत्यार कंपनीच्या मूळ कंपनीने, टीटीएसने, सॉस्टॉप विकत घेतली.

एकदा ब्रेक लागला की कार्ट्रिज, म्हणजे तो ठोकळा असलेली डबी, आणि पातं दोन्ही बहुधा जातात. ओलं लाकूड किंवा लपलेला खिळाही ब्रेक लावू शकतो. जुन्या वाड्याचं सागवान वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, त्यात हमखास खिळे निघतात. कार्ट्रिज भारतात सहज मिळत नाही, म्हणून दोन-तीन जास्तीची मागवून ठेवावी लागतात.

तरीही, परवडत असेल आणि ५० हर्ट्झचा मिळत असेल, तर मी होच म्हणेन. तबला, पेटी वाजवणारा माणूस असेल, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर असेल, तर दुसरा विचारच करू नका. मात्र ही यंत्रणा लाकूड उलटं फेकलं जाणं थांबवत नाही.

लाकूड उलटं फेकलं जातं म्हणजे काय होतं?

माझ्या बाबतीत झालं ते सांगतो. आधीच्या मशीनला रायव्हिंग नाइफ नव्हती. १२ मिमी प्लायची, चार बोटं रुंद पट्टी चिरत होतो. शेवटची वीतभर राहिली असताना पट्टी किंचित फिरली आणि तिचा मागचा कोपरा पात्यावर चढला. पुढचं मला दिसलं नाही. पोटाच्या डाव्या बाजूला कोणी लाथ मारावी तसा दणका बसला, आणि पट्टी मागच्या पत्र्यावर आदळल्याचा आवाज आला. तीन आठवडे तो काळा-निळा डाग होता. पत्र्यावरचा पोचा अजून आहे, मी तो मुद्दाम ठोकून सरळ केलेला नाही.

दहा इंची पातं चार हजार फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड तासाला १९० किलोमीटरच्या वेगाने धावत असते, आणि मागचे दात वर येऊन तुमच्याकडे वळत असतात. त्यांनी लाकूड उचललं की तो वेग लाकडाला मिळतो.

म्हणून रायव्हिंग नाइफ. म्हणून पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, किंचित डावीकडे राहायचं. हातात ढकलकाठी, आणि ती फेन्स व पात्याच्या मधल्या तुकड्याला, पातं पार होईपर्यंत. फेन्स आणि माइटर गेज एकाच कापाला एकत्र वापरायचे नाहीत. हातमोजे नाहीत, सैल बाह्या नाहीत, गळ्यात गमछा नाही. वाकडी, पीळ भरलेली फळी आधी रंध्याखाली, मग सॉवर.

पावसाळ्यात बिडाचं टेबल गंजतं. काय करता?

खाडीजवळ राहणाऱ्यांना हा त्रास दुप्पट. आमच्याकडे जुलैत एका रविवारी मी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि बोलत बसलो. संध्याकाळपर्यंत तांबूस वर्तुळ उमटलं होतं, घासून गेलं तरी त्याची सावली आहे.

मेच्या शेवटी टेबल रॉकेलने पुसून, हिरव्या घासणीने हलकं घासून, पूर्ण कोरडं करून पेस्ट वॅक्सचे दोन हात देतो. वॅक्स सिलिकॉन नसलेलंच हवं, नाहीतर ते लाकडाला लागतं आणि पॉलिश धरत नाही. पावसात दर पंधरा दिवसांनी पुन्हा एक हात. वर सुती चादर टाकत नाही, ती ओल धरून ठेवते. एमडीएफचा तुकडाही ठेवत नाही. सर्वांत उपयोगी पडलं ते पेटीच्या आत सतत जळणारा १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब. आतली हवा थोडी ऊबदार राहते, ट्रनियनचे दाते कोरडे राहतात. एवढं मात्र बघा, की पेटीत भुसा साठलेला नसावा आणि बल्ब जाळीच्या आत असावा. वखारीतून आणलेली ओली फळी रात्रभर टेबलावर ठेवणं ही सगळ्यात सामान्य चूक.

भुशाचं काय?

बंद पेटीमुळे हायब्रिडचा भुसा खालच्या चार इंची तोंडातून ओढता येतो, कॉन्ट्रॅक्टर सॉला हे जमत नाही. घरचा व्हॅक्युम क्लीनर अपुरा, पिशवीवाला डस्ट कलेक्टर हवा. लाकडाची धूळ १९९५ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून नोंदली आहे. सागवानाच्या भुशाने काहींना पुरळही उठतं. कलेक्टर असला तरी मास्क लावा.

सोसायटीत तक्रार येईल का?

येईल, जर विचारलं नाही तर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मी सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा एवढंच सॉ चालवतो. परीक्षांच्या दिवसांत हातकरवत. शेजारच्या आजींना त्यांच्या तुळशीवृंदावनासाठी पाट करून दिला, तेव्हापासून त्याच मला बारीक-सारीक काम सांगतात.

डॅडो लावता येतो का?

डॅडो, म्हणजे रुंद खाच काढणारा पात्यांचा संच, अमेरिकन हायब्रिडना लावता येतो, युरोपियनचा आर्बर आखूड असल्याने सहसा नाही. खाचा राउटरने करा.

वापरलेला मिळतोय. काय तपासू?

नेमप्लेटवरचे हर्ट्झ. मग रायव्हिंग नाइफ. अमेरिकेत २००८ पासून नव्या रचनेच्या सॉना ती बंधनकारक झाली, त्याआधीच्या बहुतेकांना स्प्लिटरच आहे, आणि नंतर नाइफ बसवता येत नाही. पातं काढून आर्बर हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग गेलं, ते बदलता येतं. आर्बर वर-खाली हलवून बघा. टेबलावर लांब पोलादी पट्टी उभी धरून मागे टॉर्च लावा, प्रकाश कुठून येतो ते दिसेल. पात्याच्या खाचेच्या कोपऱ्यांत आणि माइटरच्या खाचेच्या कडांना तडा आहे का, नखाने चाचपा. बीड जोडता येत नाही. उंचीचं आणि तिरकं करायचं चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवा.

मग टेबलावर पाच रुपयांचं जुनं जाड नाणं कडेवर उभं करा आणि मशीन सुरू करायला सांगा. पातं पूर्ण वेगात येईपर्यंत नाणं उभं राहिलं, तर मालकाशी किमतीचं बोलायला बसा.